आघूर्णाची लांबी बदलते की दिशा? धातूंतल्या चुंबकत्वासाठी सिद्धांत निवडताना

नवं धातू-संयुग तयार झालं, चुंबकीय मोजमापं झाली, आलेख काढले, आणि आता त्यांचा अर्थ लावायचा आहे. अशा वेळी जुने शोधनिबंध उघडले की गोंधळ वाढतोच. स्टोनर, हबर्ड, मोरिया, झेनर, घनता-फलन सिद्धांत (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणारा), डायनॅमिकल मीन-फील्ड: प्रत्येकाचे समर्थक आपापल्या आवडीच्या धातूचं उदाहरण देतात आणि ते उदाहरण बहुतेक वेळा खरंही असतं. ज्याला यांतला एक, फार तर दोन निवडून कामाला लागायचं आहे त्याच्यासाठी हा आढावा आहे. पट्टसिद्धांत आणि फर्मी पृष्ठभाग यांची ओळख आहे असं गृहीत धरलंय.

माझं मत आधीच सांगतो. या सिद्धांतांची तुलना सहसा शून्य केल्विनवर केली जाते, आणि तिथे जवळपास सगळेच पास होतात. त्यामुळे तिथे निवड होत नाही. नमुना तापवत नेला की कोण कुठे मोडतं हे पाहिलं तरच फरक उघडा पडतो. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: क्युरी तापमानाकडे (ज्याच्या वर लोहचुंबकत्व नाहीसं होतं) जाताना अणूवरचं चुंबकीय आघूर्ण लहान होत जातं, की तेवढंच राहून फक्त दिशा सोडतं? लोखंड आणि झिर्कोनियम-झिंक यांची उत्तरं इतकी वेगळी आहेत की दोघांना एकच सिद्धांत लावणं म्हणजे हट्ट आहे.

फिरत्या इलेक्ट्रॉनांकडे जायचंच कशाला

हायझेनबर्गने १९२८ साली विनिमय आंतरक्रियेवरून लोहचुंबकत्व समजावलं, पण त्यात प्रत्येक अणूवर ठरावीक स्पिन बसलेला होता. निरोधक पदार्थांना ते चित्र आजही चालतं. धातूंत ते पहिल्याच आकड्यावर अडखळतं. निकेलचं संपृक्त आघूर्ण अणूमागे सुमारे ०.६ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या आघूर्णाचं नेहमीचं एकक) भरतं, कोबाल्टचं १.७, लोखंडाचं २.२. जागेवर बसलेल्या अर्ध्या-पूर्ण स्पिनांच्या बेरजेतून ०.६ निघत नाही. डी-पट्टा अंशतः भरलेला आहे आणि दोन स्पिनांची पातळी वेगवेगळी आहे असं मानलं, की हा आकडा आपोआप येतो. पुढे डी हास–व्हॅन आल्फेन मोजमापांनी (क्षेत्र बदलताना चुंबकत्वात उठणाऱ्या आंदोलनांवरून फर्मी पृष्ठभाग काढणाऱ्या) निकेल आणि लोखंडाच्या फर्मी पृष्ठभागात डी-इलेक्ट्रॉनांचा वाटा प्रत्यक्ष दाखवला, तेव्हा ते इलेक्ट्रॉन फिरतात की नाही हा वाद संपला. फिरणारे इलेक्ट्रॉन तापमान वाढल्यावर कसे वागतात हा वाद मात्र तिथूनच सुरू झाला, आणि काही धातूंपुरता तो अजून चालू आहे.

स्टोनर: शून्यावर उत्तम, वर गेलं की बेभरवशाचा

एडमंड स्टोनरने १९३८ साली मांडलेला हिशोब दोन ओळींत मावतो. काही इलेक्ट्रॉन एका स्पिनच्या पट्ट्यातून दुसऱ्यात हलवले तर गतिज ऊर्जा वाढते, कारण पाउलीच्या नियमामुळे त्यांना वरच्या अवस्थांत जावं लागतं. त्याच वेळी विनिमयामुळे ऊर्जा वाचते. वाचलेली ऊर्जा जास्त असेल तर धातू आपण होऊन चुंबकीय होतो. सूत्रात: विनिमय स्थिरांक गुणिले फर्मी पातळीवरची अवस्था-घनता एकापेक्षा मोठी हवी.

या निकषाची ताकद कमी लेखू नये. १९७७ साली जॅनकने घनता-फलन सिद्धांतातून अनेक मूलद्रव्यांसाठी हा गुणाकार काढला. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल एकाच्या पलीकडे गेले, पॅलेडियम ०.८च्या आसपास अडकलं. पॅलेडियमची ससेप्टिबिलिटी (बाहेरच्या क्षेत्राला मिळणारा चुंबकीय प्रतिसाद) साध्या पाउली अंदाजापेक्षा कितीतरी पटींनी मोठी का, हेही त्याच सूत्रातून निघतं: छेदात एक वजा तो गुणाकार येतो, आणि छेद शून्याच्या जवळ गेला की भागाकार फुगतो.

आता तापमान वाढवू या. स्टोनरच्या चित्रात उष्णतेला एकच काम करता येतं, फर्मी वितरणाची कड धूसर करणं. म्हणजे एकेका इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटवून त्याला दुसऱ्या पट्ट्यात पाठवणं. लोखंडात या दोन पट्ट्यांत सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्टचं अंतर आहे, आणि १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे जवळपास ११,६०० केल्विन. एवढ्या महागड्या मार्गाने चुंबकत्व मोडायचं तर क्युरी तापमान हजारोंत जाणारच. लोखंडासाठी हा हिशोब चार ते सहा हजार केल्विन सांगतो. प्रत्यक्षात ते १०४३ आहे. निकेलसाठी सुमारे तीन हजार सांगतो. प्रत्यक्षात ६३० च्या घरात. क्युरी तापमानाच्या वर तर आणखी वाईट. ससेप्टिबिलिटीचा व्यस्त तापमानाबरोबर सरळ रेषेत चढतो, म्हणजे क्युरी–वाइस नियम पाळला जातो, हे जवळपास प्रत्येक लोहचुंबकीय धातूत दिसतं. स्टोनर सिद्धांत तिथे तापमानाच्या वर्गावर चालणारा मंद फरक देतो.

चूक कुठे झाली? स्टोनरने अख्ख्या धातूचं चुंबकत्व एकच संख्या धरलं. ते सगळीकडे एकदमच कमी होतं किंवा वाढतं. जागोजागी वेगवेगळ्या दिशेला वळणं, लाटेसारखं डोलणं, ज्याला ऊर्जा फार थोडी लागते, ते या हिशोबात शिरतच नाही. इझुयामा, किम आणि कुबो यांनी १९६३ साली याच पट्ट्याच्या चित्रातून स्पिन-लाटा काढून दाखवल्या होत्या, म्हणजे लाटांना फिरत्या इलेक्ट्रॉनांचं वावडं नाही. पण त्या लाटा उलटून मूळ चुंबकत्वावर काय परिणाम करतात याचा हिशोब त्यांत नव्हता.

म्हणून माझा सल्ला: स्टोनरचा निकष नक्की वापरा, पण फक्त "हा धातू चुंबकीय व्हायच्या किती जवळ आहे" एवढ्याच प्रश्नासाठी. अजूनही शोधनिबंधांत स्टोनरच्या सूत्राने क्युरी तापमान काढून प्रयोगाशी जुळवलेलं दिसतं. जुळलं असेल तर विनिमय स्थिरांक कुठून घेतला ते आधी बघा. बहुधा तो जुळवूनच घेतलेला असतो.

निवडीची पहिली चाचणी

ऱ्होड्स आणि वोलफार्थ यांनी १९६३ साली सुचवलेलं गुणोत्तर काढायला फारसे कष्ट नाहीत, आणि तरी कितीतरी जण ते काढत नाहीत याचं मला नवल वाटतं. क्युरी तापमानाच्या वरच्या सरळ रेषेच्या उतारावरून परिणामी आघूर्ण मिळतं. त्याचा वर्ग म्हणजे एका संख्येचा तिच्याहून दोनने मोठ्या संख्येशी गुणाकार, असं मांडून ती संख्या सोडवायची. तिला कमी तापमानाच्या संपृक्त आघूर्णाने भागायचं.

लोखंडाचं परिणामी आघूर्ण ३.१३ धरलं तर संख्या २.२९ येते, आणि २.२ ने भागल्यावर गुणोत्तर जवळपास १. म्हणजे गरम लोखंडातही अणूवर तेवढंच आघूर्ण शाबूत आहे. निकेलच्या १.६२ वरून ०.९ येतं, भागिले ०.६१ म्हणजे दीडच्या आसपास. मँगनीज सिलिसाइडचं परिणामी आघूर्ण २.२ पण संपृक्त फक्त ०.४, गुणोत्तर साडेतीन. झिर्कोनियम-झिंकमध्ये (एकास दोन) अनुक्रमे १.९ आणि ०.१७, गुणोत्तर सहाच्या वर.

एकाच्या जवळ असाल तर दिशा हरवते आहे. तीनच्या पुढे असाल तर लांबी बदलते आहे. मधे असाल तर तुमचं काम अवघड आहे, आणि निकेल त्या अवघड जागेचाच रहिवासी आहे. पुढचे सिद्धांत याच पट्टीवर लावून बघू.

मोरिया: लांबी बदलणाऱ्यांसाठी

झिर्कोनियम-झिंकचं लोहचुंबकत्व १९५८ साली मॅथायस आणि बोझॉर्थ यांना सापडलं. दोन्ही मूलद्रव्यं स्वतः लोहचुंबकीय नाहीत, संयुग मात्र सुमारे २८ केल्विनखाली चुंबकीय होतं. स्कँडियम-इंडियमचं (तीनास एक) क्युरी तापमान सहा केल्विनच्या आसपास. निकेल-ॲल्युमिनियमचं (तीनास एक) ४१. यांना दुर्बल लोहचुंबक म्हणतात, आणि यांनीच सिद्धांतकारांना अडचणीत आणलं. आघूर्ण इतकं किरकोळ की जागेवर बसलेला स्पिन मानणं अशक्य, पण वर क्युरी–वाइस रेषा अगदी ठसठशीत. तोवर क्युरी–वाइस दिसलं की "स्थानिक आघूर्ण आहे" असं बिनदिक्कत लिहिलं जायचं.

हा समज मोडला तोरू मोरिया यांनी. कावाबातांबरोबर १९७३ साली त्यांनी मांडलेला स्वयंसुसंगत पुनर्प्रसामान्यीकरणाचा सिद्धांत (नाव जड आहे, त्यामुळे सगळे एससीआरच म्हणतात) काय करतो ते पाहण्यासारखं आहे. मुराता आणि डोनिआक यांनी वर्षभर आधी याच दिशेने पाऊल टाकलं होतं.

चुंबकत्वाची मुक्त ऊर्जा चुंबकत्वाच्या वर्गात आणि चतुर्थ घातात लिहा. स्टोनरसाठी वर्गाचा गुणांक तापमानाबरोबर किंचितच हलतो. आता चुंबकत्वात जागोजागी आणि क्षणोक्षणी होणारे छोटे चढउतारही धरा. चतुर्थ घाताच्या पदामुळे हे चढउतार एकमेकांशी बोलतात, आणि त्यांच्या वर्गाची सरासरी थेट पहिल्या गुणांकात जाऊन मिळते. तापमान वाढलं की चढउतार वाढतात, गुणांक वर सरकतो, चुंबकत्व मरतं. चढउतारांचं प्रमाण ससेप्टिबिलिटीवर अवलंबून, आणि ससेप्टिबिलिटी चढउतारांवर. म्हणून दोन्ही एकत्र, सुसंगत रीतीने सोडवावी लागतात. एससीआर म्हणजे इतकंच.

यातून तीन गोष्टी निघतात. क्युरी तापमान हजारोंतून दहांत उतरतं, कारण पट्टे एकत्र यायची वाट पाहावी लागत नाही. क्युरी तापमानाच्या वर चढउतारांची सरासरी तापमानाबरोबर जवळपास सरळ रेषेत वाढते, त्यामुळे स्थानिक आघूर्ण नसतानाही क्युरी–वाइस नियम मिळतो. आणि त्या रेषेच्या उताराचा संपृक्त आघूर्णाशी काही संबंध उरत नाही, म्हणूनच झिर्कोनियम-झिंकचं गुणोत्तर सहाच्या वर जाऊ शकतं. शिवाय संपृक्त आघूर्णाचा वर्ग क्युरी तापमानाच्या चार-तृतीयांश घाताच्या प्रमाणात असावा असं भाकीत मिळतं. ते दाब देऊन किंवा मिश्रधातूचं प्रमाण बदलून तपासता येतं.

माझ्या दृष्टीने या सिद्धांताचा मोठा गुण म्हणजे त्याचे स्थिरांक मोजता येतात. लॉन्झारिच आणि टायफर यांनी १९८५ साली दाखवलं की न्यूट्रॉन स्कॅटरिंगमधून चढउतारांचा पल्ला आणि वेग काढायचे, चुंबकत्वाच्या वक्रातून चतुर्थ घाताचा गुणांक काढायचा, आणि क्युरी तापमान गणितात घालून बघायचं. जुळवाजुळवीला जागा फार कमी राहते. ज्या सिद्धांताला आपलं अपयश लपवता येत नाही तो प्रयोग करणाऱ्याच्या उपयोगाचा.

एक सूचना फक्त. दुर्बल लोहचुंबकांसाठी चुंबकत्वाचा वर्ग विरुद्ध क्षेत्र भागिले चुंबकत्व हा ॲरट आलेख सगळे काढतात. तो क्युरी तापमानाजवळ वाकत असेल तर नमुना वाईट म्हणून टाकून देऊ नका. ताकाहाशींनी १९८६ साली या सिद्धांताला वेगळं वळण दिलं, शून्य-बिंदू आणि औष्णिक चढउतारांची बेरीज स्थिर राहते असं धरून. त्यात नेमक्या क्युरी तापमानावर सरळ रेषा मिळते ती चुंबकत्वाच्या चौथ्या घाताच्या आलेखात. दोन्ही आलेख काढायला एकच विदा लागते.

मर्यादा? गुणोत्तर एकाच्या जवळ असलेल्या धातूंत चढउतार मोठे आणि अणूपुरते असतात. ऊर्जेचा विस्तार चौथ्या घातावर तोडणं तिथे पटत नाही. मोरिया आणि ताकाहाशी यांनी १९७८ साली दोन्ही टोकांना जोडणारी एकत्रित मांडणी केली होती. विचार म्हणून ती सुंदर आहे, पण एखाद्या ठरावीक धातूचे आकडे काढायला ती फारशी कुणी वापरताना दिसत नाही.

दिशा हरवणाऱ्यांसाठी: पट्ट्यांतून काढलेला हायझेनबर्ग

लोखंडासारख्या धातूसाठी वेगळी वाट आहे. इलेक्ट्रॉन फिरतात हे मान्य, पण अणूजवळून जाताना ते हुंडच्या नियमामुळे (एकाच अणूवरचे स्पिन समांतर असले की ऊर्जा कमी लागते) एकमेकांचे स्पिन जुळवतात, आणि अणूवर साचलेलं आघूर्ण इलेक्ट्रॉनांच्या येण्याजाण्यापेक्षा बरंच सावकाश वळतं. मग अणूंची आघूर्णं हव्या त्या दिशेला वळलेली धरून प्रत्येक रचनेची पट्टरचना काढता येते. हबर्ड आणि हासेगावा यांनी १९७९ साली स्वतंत्रपणे याचा पाया घातला; जॉर्फी आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली त्याला घनता-फलन सिद्धांताची जोड दिली. दुसरी, जास्त सोपी रीत म्हणजे एकेका आघूर्णाला किंचित वळवून ऊर्जेतला फरक काढायचा, त्यावरून अणूंमधले विनिमय स्थिरांक मिळवायचे, आणि पुढचं काम हायझेनबर्ग प्रतिमानावर सोपवायचं. लिख्टेनस्टाइन आणि सहकाऱ्यांचं १९८७चं सूत्र यासाठीच आहे, आणि आज ते अनेक संगणक-कार्यक्रमांत तयार मिळतं.

ही वाट कुठे चालते आणि कुठे नाही, ते शेजारी-शेजारी ठेवून बघा. आकडे क्युरी तापमानाचे, केल्विनमध्ये:

| | लोखंड | निकेल |
|---|---|---|
| प्रयोग | १०४३ | सुमारे ६३० |
| स्टोनर | ४,००० ते ६,००० | सुमारे ३,००० |
| पट्ट्यांतून काढलेला हायझेनबर्ग (पाज्डा आणि सहकारी, २००१) | ९५० | ३५० |
| डायनॅमिकल मीन-फील्ड (लिख्टेनस्टाइन, कात्स्नेल्सन, कोटलियार, २००१) | १,९०० | ७०० |

दुसरी आणि चौथी ओळ सोडून तिसरीकडे बघा. लोखंड जवळपास लागलं, निकेल अर्ध्यावर राहिलं. हा अपघात नाही. निकेलमध्ये शेजाऱ्यांची दिशा बिघडली की अणूवरचं आघूर्ण टिकतच नाही. आघूर्णं अस्ताव्यस्त ठेवून गणित केलं तर ते शून्यावर येऊन बसतं. जे टिकत नाही त्याला हायझेनबर्ग स्पिन कसा म्हणायचा? कोबाल्ट मात्र याच पद्धतीत १३११ वर येतो, प्रयोगातल्या १३९० च्या आसपासच्या आकड्याच्या बऱ्यापैकी जवळ.

डायनॅमिकल मीन-फील्ड: महाग, पण मधल्या जागेसाठी हाच

मेट्झनर आणि फोलहार्ट यांनी १९८९ साली अनंत मितींची सीमा शोधली, जॉर्ज आणि कोटलियार यांनी १९९२ साली तिचं रूपांतर एका अणूच्या प्रश्नात केलं. एक अणू निवडायचा, त्यावरचं इलेक्ट्रॉनांचं परस्पर प्रतिकर्षण पूर्ण धरायचं, आणि बाकी धातूला त्याच्याशी इलेक्ट्रॉनांची देवघेव करणारा साठा मानायचं. काळानुसार होणारे चढउतार यात पूर्ण येतात, जागेनुसार होणारे येत नाहीत.

या एका वाक्यात पद्धतीचे गुणदोष दोन्ही आले. निकेलबाबत घनता-फलन सिद्धांत दोन स्पिन-पट्ट्यांतलं अंतर ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट सांगतो, प्रकाश-उत्सर्जनाच्या मोजमापात ते ०.३ च आहे. फर्मी पातळीच्या ६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली दिसणारं उपशिखर तर त्या सिद्धांतात नसतंच. डायनॅमिकल मीन-फील्डमध्ये अंतर आकुंचन पावतं आणि उपशिखरही उगवतं. २००१च्या त्याच गणनेत क्युरी तापमानाच्या वरचं परिणामी आघूर्ण लोखंडासाठी ३.०९ आणि निकेलसाठी १.५० आलं, प्रयोगात ३.१३ आणि १.६२. एकाच पद्धतीने दोन्ही टोकं इतक्या जवळून पकडणारं दुसरं काही मला माहीत नाही. क्युरी तापमान लोखंडासाठी जवळपास दुप्पट आलं, कारण लांब पल्ल्याच्या स्पिन-लाटा हिशोबात नाहीत आणि हुंडची आंतरक्रिया सोयीसाठी एकाच अक्षावर धरली होती. ती सर्व दिशांना सारखी धरली की तापमान खाली येतं, गणनेचा खर्च वर जातो.

तुमचं गुणोत्तर १.३ ते २.५ च्या दरम्यान असेल, किंवा प्रकाश-उत्सर्जनाची विदा समजावायची असेल, तर इथे वेळ घालवा. नाहीतर ही पद्धत आहे म्हणून वापरू नका.

हबर्ड: कारण कळण्यासाठी

१९६३ साली हबर्ड, गुट्झविलर आणि कानामोरी यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तेच प्रतिमान मांडलं: इलेक्ट्रॉन उडी मारतो, आणि एका जागी दोन आले तर दंड बसतो. कानामोरींनी लगेच दाखवलं की दंड कितीही वाढवला तरी इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळून त्याचा परिणाम पट्ट्याच्या रुंदीच्या आसपास रोखून धरतात. म्हणजे स्टोनरचा विनिमय स्थिरांक हवा तेवढा वाढत नाही. लोहचुंबकत्व हवं तर फर्मी पातळीजवळ अवस्था-घनतेचं शिखर हवं, किंवा हुंडची मदत हवी. निकेलच्या डी-पट्ट्याच्या वरच्या कडेला नेमकं असं शिखर आहे.

काटेकोर सिद्धता मोजक्याच आहेत. लीब आणि मॅटिस यांनी १९६२ साली एका मितीत अशा इलेक्ट्रॉनांची मूळ अवस्था लोहचुंबकीय नसते हे दाखवलं. नागाओकांनी १९६६ साली अनंत दंड आणि नेमकं एक रिकामं स्थान असलं की बऱ्याच जालकांवर पूर्ण लोहचुंबकत्व येतं हे सिद्ध केलं. मीलके आणि तासाकी यांनी १९९१–९२ मध्ये सपाट पट्ट्यांसाठी सिद्धता दिली. लोखंडाच्या तुकड्याला यांतली कुठलीच अट लागू नाही. पण हल्ली या अटी मुद्दाम तयार करता येतात: २०२० साली डेल्फ्टमध्ये चार क्वांटम डॉट आणि तीन इलेक्ट्रॉन घेऊन नागाओकांचा परिणाम प्रत्यक्ष दाखवला गेला, आणि २०१९ साली पिळलेल्या दुहेरी ग्राफीनमध्ये जवळपास सपाट पट्ट्यांतून लोहचुंबकत्व उगवलं. तुमचा नमुना असल्या जातीचा असेल तर हबर्डपासूनच सुरुवात करा. इतरांनी हे प्रतिमान शिकण्यासाठी वापरावं, आकड्यांसाठी नाही.

जे या रांगेत बसत नाहीत

गॅडोलिनियममध्ये ४-एफ कवचाचं ७ मॅग्नेटॉनचं आघूर्ण पूर्ण स्थानिक आहे, फिरते इलेक्ट्रॉन फक्त निरोप पोचवतात. अणूमागे मोजलेलं ७.६ च्या आसपासचं आघूर्ण सांगतं की निरोप्यांवरही थोडा रंग चढलाय. रुडरमन, किटेल, कासुया आणि योसिदा यांचा सिद्धांत इथे घ्या आणि वरचं बाकी सगळं विसरा. मँगनीजच्या मिश्र ऑक्साइडांसाठी झेनरची १९५१ची दुहेरी विनिमयाची कल्पना: शेजारचे स्पिन समांतर असले तरच इलेक्ट्रॉनला मोकळेपणी उडी मारता येते.

क्रोमियमही वेगळा. त्यात ३११ केल्विनखाली स्पिन-घनतेची लाट असते, तिची तरंगलांबी जालकाशी पूर्णांकी नातं ठेवत नाही, आणि फर्मी पृष्ठभागाचे एकमेकांशी जुळणारे तुकडे तिला जन्म देतात. स्टोनरचाच निकष, पण एकसारख्या चुंबकत्वाऐवजी ठरावीक तरंगलांबीवर लावायचा.

घनता-फलन गणनेबद्दल एक इशारा

बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात, आणि तसं करायला हरकत नाही. फक्त दुर्बल लोहचुंबकांत ही गणना आघूर्ण फुगवते. निकेल-गॅलियम (तीनास एक) प्रयोगात अनुचुंबकीय आहे; नेहमीची गणना त्याला लोहचुंबक ठरवते. कारण शून्य केल्विनवरचे चढउतार त्यात जवळपास नसतात. त्यामुळे गणनेचं आघूर्ण प्रयोगापेक्षा बरंच जास्त येणं ही स्वतःच एक खूण आहे: तुम्ही मोरियांच्या प्रदेशात आहात. अधिक नव्या फलनाने हे सुधारेल अशी आशा ठेवू नका. स्कॅन नावाचं फलन इतरत्र उत्तम असलं तरी साध्या लोखंडाचं आघूर्णही वाढवून सांगतं.

क्युरी तापमान शून्यावर नेत असाल तर

दाब देऊन किंवा मिश्रण बदलून चुंबकत्व मारायचं असेल, तर निवड हर्ट्झ (१९७६) आणि मिलिस (१९९३) यांच्या मांडणीपाशी येते. तिचे घातांक एससीआरशी जुळतात: त्रिमितीय लोहचुंबकासाठी रोध तापमानाच्या पाच-तृतीयांश घाताने वाढावा, विशिष्ट उष्णता भागिले तापमान लॉगरिदमने. झिर्कोनियम-झिंकमध्ये पाच-तृतीयांश घातांक खरोखर मिळतो.

पण दोन्ही मांडण्या संक्रमण शेवटपर्यंत सलग राहील असं धरतात. बेलिट्झ, कर्कपॅट्रिक आणि फोयटा यांनी १९९९ साली दाखवलं की शुद्ध धातूत मंद इलेक्ट्रॉन-विवर उत्तेजना ते संक्रमण अचानक, पहिल्या प्रकारचं करतात. झिर्कोनियम-झिंकमध्ये १६.५ किलोबारवर तसंच घडतं. मँगनीज सिलिसाइडमध्ये १४.६ किलोबारवर चुंबकीय क्रम जातो, आणि तिथून जवळपास ३० किलोबारपर्यंत रोध तापमानाच्या दीड घातावर अडून बसतो, जो लोहचुंबकासाठीचा या सिद्धांतांचा घातांक नाही.

अशा वेळी घातांक जुळवायला बसण्यापूर्वी दोन गोष्टी तपासून घ्या. एक, शून्य तापमानाकडचा उरलेला रोध किती आहे: तो मोठा असेल तर अशुद्धींनी पहिल्या प्रकारचं संक्रमण पुसून टाकलेलं असू शकतं, आणि मग मिळालेला सुंदर घातांक तुमच्या नमुन्याच्या मळाचा असेल. दोन, संक्रमणाजवळ क्षेत्र वाढवताना आणि कमी करताना चुंबकत्वाचे वक्र एकमेकांवर बसतात का. नसतील बसत, तर संक्रमण सलग नाही, आणि हर्ट्झ–मिलिसचे घातांक तिथे लावायचे नाहीत.